पडलेल्या वाऱ्यातली शर्यत

आत्येच्या घरात माणसं दोन, आणि बोलणं एकाच्या वाट्याचंही नाही. आवाज मात्र पुष्कळ. पडवीतलं तिचं शिलाई मशीन सकाळी भांडी घासून झाली की सुरू व्हायचं ते दिवेलागणीला थांबायचं. मागच्या दारी रहाटाची करकर, कौलांवर माकडांची धावपळ, आणि भरतीची वेळ असली की खाडीच्या बाजूने येणारा एक सलग घोष. ह्या सगळ्यात आत्येची वाक्यं दोनच. "जेवलंस काय?" आणि "कडी लावलंस काय?" पहिलं दुपारी, दुसरं रात्री. माया नव्हती असं नाही. माया होती, पण ती पानात वाढली जायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात, रविवारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. मी जेवत असताना ती समोर बसून माझ्या पानाकडे बघायची, माझ्याकडे नाही. पान रिकामं झालं की उठायची.

मी अलोऱ्याची. धरणाच्या प्रकल्पाची वसाहत, सगळी घरं एकसारखी, बाबा वीजघरात पाळीवर. आई गेली आणि बाबांच्या रात्रपाळीला तरण्या मुलीला एकटं ठेवायचं कसं, हा प्रश्न आला. तो मला कुणी विचारला नाही. कॉलेजचं निमित्त निघालं आणि माझी ट्रंक रत्नागिरीच्या गाडीवर चढली. आत्येचे यजमान मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस घर दणाणून सोडायचे आणि जायचे. ते गेले की आत्ये त्यांची ताट-वाटी घासून वरच्या फळीवर पालथी घालून ठेवायची. मी आले तेव्हा तिला सोबत मिळाली आणि मला छप्पर, असं सगळे म्हणाले. दोन एकट्या माणसांना एका घरात ठेवलं की सोबत होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते करून पाहिलेलं नसतं.

होड्यांशी माझी गाठ ह्याच पडवीत पडली. साळवी मास्तर म्हणून एक गृहस्थ नौदलातून निवृत्त होऊन आले होते. हाफपँट, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की समोरच्या माणसाला आपण जहाजाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत असं वाटावं. त्यांनी मुंबईहून तीन जुन्या शिडाच्या होड्या आणल्या होत्या. दोन माणसांच्या, लहानशा. मासेमारीच्या होड्यांशेजारी त्या खेळण्यासारख्या दिसत. खाडीकाठी नारळाच्या झापांची एक खोपी बांधून ते कॉलेजच्या पोरांना शर्यती शिकवत. गावातले लोक हसत. "मासळी नाय, माल नाय, उतारू नाय, मग व्हडी पाण्यात घालता कशाला?" असं एका खारव्याने त्यांना तोंडावर विचारलं होतं. मास्तर फाटलेली शिडं आत्येकडे शिवायला आणत. एकदा मी शिडाचं दुसरं टोक धरून बसले होते. मास्तरांनी माझ्याकडे बाजारात कोंबडी निरखावी तसं पाहिलं आणि म्हणाले, "आत्याबाई, पोरगी वजनाला फारच हलकी दिसते हो."

"खात नाय मेली," आत्ये म्हणाली.

"नको खाऊ दे. मला द्या."

तोवर माझं हडकुळेपण ही सगळ्या नातेवाइकांची काळजी होती. कोण पसंत करणार, ही चिंता मी सोळाव्या वर्षापासून ऐकत आले होते. तोच दोष इथे गुण निघाला, म्हणून मी गेले. आत्येने अडवलं नाही. "पडलंस पाण्यात तर ओरड," एवढंच म्हणाली.

मला ज्या होडीत पुढे बसवलं तिचं सुकाणू कुंदाकडे होतं. कुंदा पूर्णगडच्या तांडेलाची, मच्छीमार होडीच्या म्होरक्याची, मुलगी. रत्नागिरीत मामाकडे राहून शिकत होती. रुंद खांदे, सावळा चेहरा, केसांत बहुतेक वेळा अबोलीचा वळेसर, आणि पाण्यावर गेली की चेहऱ्यावर एक शांतपणा यायचा जो जमिनीवर कधी दिसत नसे. कॉलेजात ती मागच्या बाकावर गप्प बसे. मीही गप्प. पण दोन गप्प माणसांची होडीत भट्टी जमते, कारण तिथे गप्प राहणं हेच काम असतं.

हे जरा सांगायला हवं. जोराच्या वाऱ्यात होडी हाकायला ताकद लागते, आणि ताकदीची माणसं पुष्कळ असतात. मंद वाऱ्यात मात्र उलट. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटेपासून जमिनीवरून मतलई वारा वाहतो. ऊन चढलं की तो दमतो आणि मरतो. मग समुद्रावरचा खारा वारा उठेपर्यंत मधे एक पोकळी राहते. त्या वेळात वारा नसतोच असं नाही, तो तुकड्यातुकड्यांनी असतो. इथे पाणी तेलासारखं गुळगुळीत, तर तिकडे हातभर अंतरावर बारीक शहारा. तो शहारा आधी ओळखायचा, होडी त्याच्याकडे न्यायची, तो संपायच्या आत दुसरा शोधायचा. आणि हे सगळं करताना हलायचं नाही. शिंकलात तरी शिडातला तेवढासा वारा सांडतो. मास्तर म्हणायचे, "मांजरीसारखं बसा. उंदीर दिसला तरी मिशी हलता कामा नये." मी पुढे बसून पाणी वाचायचं आणि हळू आवाजात सांगायचं: "उजवीकडे, सुरूच्या समोर." "आला, आता पोहोचेल." मागून कुंदा फक्त "हं" म्हणायची आणि होडी वळायची.

ते "हं" माझ्यासाठी काय होतं, हे आज सांगताना लाज वाटत नाही. दिवसभरात माझं बोलणं ऐकून कुणी काही करायचं, असं ते एकच ठिकाण होतं. मी म्हणाले आणि होडी वळली. आत्येच्या घरी मी काहीही म्हटलं तरी मशीन चालूच राहायचं. बाबांची पत्रं यायची, त्यांत पाऊसपाणी आणि 'अभ्यास कर'. मी सबंध हिवाळा सकाळची वाट बघत झोपले. कुंदाशी मी काठावर फारसं बोलत नसे. आमची ओळख पाण्यावरची होती आणि मला वाटे की अशी ओळख जमिनीवरच्यापेक्षा खोल असते. आता माझा भाचा मला फोनवर वाऱ्याचा नकाशा दाखवतो. कुठून, किती वेगाने, उद्या दुपारी काय, सगळं रंगीत बाणांनी. मी बघते, छान आहे म्हणते. शेजारी बसलेल्या माणसाचा तसा नकाशा अजून निघालेला नाही.

माघात मास्तरांनी जाहीर केलं की तिन्ही होड्यांची एक शर्यत होईल आणि जिंकणाऱ्या होडीतली दोघं पावसाळ्यापर्यंत मुंबईला सरावाला जातील. मास्तरांच्या ओळखीच्या एका कुटुंबात उतरायचं, मोठ्या बंदरात शिकायचं, पुढे देशभरच्या शर्यतींत उतरायचं. बाकीच्या दोन होड्यांत मुलगे होते, दांडगे आणि वजनदार. वारा मंद राहिला तर त्यांचं आमच्यापुढे काही चालणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. कुंदाला त्याच सुमाराला जयगडचं एक स्थळ सांगून आलं होतं. घरच्या दोन यांत्रिक होड्या, मुलगा स्वतः दर्यावर जाणारा. तिचा बापूस साळवी मास्तरांना मानायचा. त्याने सरळ तोड काढली. खोपीशी येऊन, डोक्यावरची टोपी काढून मास्तरांना म्हणाला, "पोर जिंकली तर न्या ममईला. लगीन फुडल्या वर्षाला करू. हरली तर वैशाखात उरकतंय. मग माज्याकडं बोट दाखवायचं नाय." मास्तर म्हणाले, "कबूल." कुंदा तिथेच दोर गुंडाळत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

मला वाटलं, विचारायचं काय त्यात? जी मुलगी पाण्यावर इतकी खुलते तिला जयगडच्या ओट्यावर मासळी निवडत बसायचं असेल का? मी मनातल्या मनात आमची मुंबईची खोलीसुद्धा लावून टाकली. खिडकीशी तिची खाट, दाराशी माझी. जिंकलो तर ती माझ्याबरोबर येणार. हरलो तर मी पुन्हा त्या पडवीत, मशीनच्या आवाजात, आणि ह्या खेपेला वाट बघायला सकाळही नाही.

शर्यतीच्या दिवशी काठावर माणसं जमली. कोकणात कुठलीही गोष्ट देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, तशी हीही झाली नाही. कुंदाच्या बापसाने नारळ हातात धरून खाडीकडे तोंड केलं. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरांटोरं तुज्या पान्यात खेळाय उतरतंत..." "व्हय म्हाराजा!" "त्यांस राजी कर, सुखरूप काठाला आण..." "व्हय म्हाराजा!" मास्तर नौदलातले, पण तेही टाचा जुळवून "व्हय म्हाराजा" ओरडत होते. आत्येही आली होती. सगळ्यांच्या मागे, नारळीला टेकून. मला ती तिथे दिसेल असं वाटलं नव्हतं. मी हात केला, तिने नुसती मान हलवली.

जेटीपासून निघायचं, खाडीच्या तोंडाबाहेरच्या तांबड्या बोयाला, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, वळसा घालायचा आणि परत यायचं. जाताना मतलई वारा पाठीशी होता. मुलग्यांच्या होड्या जड, तरी त्या वाऱ्यात आमच्याबरोबर राहिल्या. बोयाला आम्ही अगदी थोड्या फरकाने पहिल्या वळलो. आणि वळलो न वळलो तोच वारा पडला. हळूहळू नाही, दार लावून घ्यावं तसा. शिडं लोंबली. तिन्ही होड्या पाण्यावर उभ्या राहिल्या. काठावरच्या कुत्र्याचं भुंकणं, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज, शेजारच्या होडीतल्या मुलाने दिलेली शिवी, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आता पहिला तुकडा ज्याला मिळेल तो जिंकणार, हे तिन्ही होड्यांना कळत होतं. मी डोळे ताणून पाणी वाचायला लागले.

मागे काही हालचाल जाणवली म्हणून वळून पाहिलं. होडीच्या मधोमध एक उभी फळी असते, ती खाली पाण्यात जाते म्हणून होडी आडवी वाहवत नाही. बाहेर जाताना आम्ही ती वर ओढून घेतली होती आणि अजून खाली केली नव्हती. कुंदाने वळेसरातली दोन अबोलीची फुलं काढली, खाडीच्या पाण्यात बुडवली, आणि त्या फळीच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक अशी चिकटवली. मग हात जोडून डोळे मिटले.

आमच्याकडे कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण हे पुस्तक कुठे जाईल सांगता येत नाही म्हणून लिहिते. देवाला कौल लावतात तो असा. मूर्तीच्या दोन अंगांना ओली फुलं किंवा कळ्या लावायच्या, मनातलं विचारायचं आणि थांबायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जमिनीचे तंटे, सोयरिकी, आजारपणं, सगळी अशी सुटतात. पण भर शर्यतीत, होडीच्या फळीवर कौल लावलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मला हसू आलं आणि भरूनही आलं. वारा कुठून येणार हे ती देवाला विचारत होती. आमच्यासाठी विचारत होती. मी श्वाससुद्धा रोखून धरला.

तेवढ्यात मला तो दिसला. उजवीकडे, भाट्याच्या सुरूच्या बनासमोर, पाणी काळवंडलं होतं. खाऱ्या वाऱ्याचा पहिला तुकडा. नीट दिसावं म्हणून मी जराशी उजवीकडे वाकले, होडी माझ्या बाजूला कलली, आणि उजव्या अंगाचं फूल टप्‌कन खाली पडलं.

"उजवा!" मी कुजबुजले. "कुंदा, उजवा कौल! आणि वारापण उजवीकडेच आहे, बघ, सुरूच्या समोर!"

कुंदाने डोळे उघडले. पडलेलं फूल उचलून कपाळाला लावलं. माझ्याकडे न बघता तिने शिडाची खालची काठी धरून शीड दोनदा वल्ह्यासारखं ओढलं, होडीचं तोंड फिरवलं, आणि सुकाणू धरलं. होडी डावीकडे निघाली. गावाच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला, जिथे पाणी तेलासारखं पडलं होतं.

"उलटं ओढलंस!" मी म्हटलं. "कुंदा, सुकाणू उलटं ओढलंस!"

"गप बस गो," ती म्हणाली. रागाने नाही. पोराला निजवताना म्हणतात तसं.

मुलग्यांची पहिली होडी त्या काळवंडलेल्या पट्ट्यात शिरली, तिचं शीड भरलं आणि ती चालायला लागली. मग दुसरी. आम्ही डोंगराखाली बसून राहिलो. मी रडकुंडीला येऊन एक एक तुकडा सांगत होते, "तिकडे, अगं तिकडे", आणि मागून "हं" येत नव्हतं. शेवटी खारा वारा सगळ्या खाडीवर पसरला तेव्हा आमची होडीही आपोआप काठाला लागली. सगळ्यांच्या मागून.

मास्तर पाण्यात गुडघाभर उतरून आले आणि त्यांनी आमचा उद्धार केला. आंधळ्यालासुद्धा तो वारा दिसला असता, म्हणाले. कुंदा खाली मान घालून ऐकत राहिली. ते गेल्यावर आम्ही दोघी शीड उतरवायला लागलो. मी म्हटलं, "तुझ्या देवाने उजवीकडेच जा सांगितलं होतं. मीही तेच सांगत होते. मग का नाही ऐकलंस?"

ती शिडाची घडी घालत होती. "वाऱ्याचं कोन इचारतंय देवाला?" ती म्हणाली. "वारा मना पन दिसत होता. तुज्या आधी."

"मग काय विचारलंस?"

"लग्नाचं इचारलंय. जयगडला जाऊ का, म्हनून. देव हो म्हनाला. मग जिंकून काय करायचं होतं?"

"पण ते फूल मी हलले म्हणून पडलं!" मी जवळजवळ ओरडले. "मी वाकले, होडी कलली, म्हणून पडलं! निव्वळ बोलाफुलाची गाठ ती! तू पुन्हा लाव कौल, मी हलत नाही."

कुंदा हसली. "आनि तुला कोनी हलवलंन?"

तिने घडी माझ्या हातात दिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू? पडलं तवा मना बरं वाटलं गो. लई बरं वाटलं. मना ममईला जायाचंच नव्हतं. मास्तरांना कसं सांगायचं, बापसाला कसं सांगायचं, म्हनून देवाला इचारलं."

मला विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. एक अख्खा हिवाळा मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. पाण्यावरचा शहारा मला मैलभरावरून दिसायचा, आणि हे दिसलं नव्हतं. मी शीड खांद्यावर घेतलं आणि खोपीकडे चालू लागले.

कुंदाचं बरं झालं, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की देवाने फसवलं. वैशाखात लग्न झालं, मी जेवायला गेले होते. नवरा भला निघाला. पुढे ती त्याच्याबरोबर होडीवर जायची, सुकाणूही धरायची, आणि जयगडच्या बायकांत तिचा शब्द चालायचा. मागच्या वर्षी भेटली तेव्हा तीन सुनांना हुकूम सोडत होती. मला बघून म्हणाली, "अजून तशीच हडकुळी गो तू!" आणि पुढ्यात तळलेल्या सुरमईचं ताट ठेवलं. त्या शर्यतीची तिला आठवणही नसावी. मी पुढे एकट्याच्या होडीत शर्यती केल्या, मुंबईतही आणि बाहेरही. मंद वाऱ्यात मला फारसं कुणी हरवलं नाही.

पण त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा आत्ये माझ्या आधीच पोहोचली होती. मी तांब्याभर पाण्याने पाय धुतले आणि चुलीशी जाऊन बसले. तिने पान मांडलं. मी भाताला हात लावला नाही. आत्ये नेहमीप्रमाणे पानाकडे बघत होती. मग तिने नजर वर केली. "हरलीस म्हनून?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग काय झालं कोण जाणे, मी तिला रडत रडत सगळं सांगितलं. फुलं, कौल, डावीकडे वळलेली होडी, मुंबईची खोली, खिडकीशी खाट, सगळं. इतकं मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. संपल्यावर आत्ये म्हणाली, "म्हंजे तिला हवं होतं तेच झालं."

"हो."

"तिला बरं वाटलं म्हनाली?"

"हो."

"मग तू कशाला रडतंस?"

"मला नाही बरं वाटलं म्हणून," मी म्हटलं.

आत्येने माझं पान बाजूला सरकवलं, जागा केली आणि पदर आवरून माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसली.

"मग रड," ती म्हणाली. "मी हाय."